चौथा हिस्सा तेलाचा: कोल्हापुरातल्या एका केमॅनच्या ऑइल बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2014 ची पोर्शे केमॅन. 2.7 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 275 अश्वशक्ती, स्वयंचलित गिअर. मालकांची शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. 2021 च्या सुरुवातीला त्यांनी ही गाडी मुंबईहून सेकंडहँड घेतली, तेव्हा मीटर 31,000 किलोमीटर दाखवत होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे गोळाबेरीज केले आहेत, पण घडलं ते असंच.

मी वंगणाच्या कामातला माणूस. त्यांच्या फाउंड्रीतल्या कॉम्प्रेसरची आणि हायड्रॉलिक प्रेसची तेलं मी बघतो. गाडीशी माझा संबंध आला तो एका बिलामुळे. 2023 च्या जानेवारीत मालकांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही तेलातले जाणकार. एवढ्याचं तेल असतं का हो?"

बिल ऑक्टोबर 2021 चं, मोठ्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. कर धरून रकमा अशा होत्या: ऑइल 17,500 रुपये, फिल्टर आणि त्याची ओ-रिंग 4,600, ड्रेन नट (खालून तेल सोडायचा) आणि त्याचं वायसर 1,100, मजुरी 13,000, किरकोळ 1,600. एकूण 37,800. त्याला टाचून दुसरी पावती होती. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून नेण्या-आणण्याचे 34,000. म्हणजे एका ऑइल बदलाला 71,800 रुपये.

अडचण नेमकी काय होती

मालकांना वाटत होतं अडचण तेलाच्या भावाची आहे. बिल समोर घेऊन बसलो तेव्हा निराळंच दिसलं. 71,800 मध्ये तेलाचा वाटा जेमतेम चौथा. जवळपास अर्धे पैसे ट्रकवर गेले होते. महामार्गावर जागोजागी वळणरस्ते आणि खडी. इतकी बुटकी गाडी त्यातून न्यायची त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीची किंमत 34,000 झाली.

दुसरा हिशोब किलोमीटरचा. त्या सर्व्हिसपासून तोवर गाडी 2,400 किलोमीटर चालली होती. म्हणजे ऑइल बदलाचा खर्च किलोमीटरला तीस रुपये. ही गाडी गावात लिटरला नऊच्या आसपास देते, म्हणजे पेट्रोल किलोमीटरला बारा रुपये. गाडीत जळणाऱ्या पेट्रोलपेक्षा वर्षातून एकदा बदलायचं तेल अडीच पट महाग पडलं. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

या हिशोबातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला धोक्याचा वाटला. "गाडी चालतच नाही, तर तेल कशाला बदलायचं? दोन वर्षांनी बघू." ऑक्टोबर 2022 ची मुदत त्यांनी अशीच जाऊ दिली होती. वर त्यांच्याकडे पुरावा होता. "ही गाडी थेंबभर तेल पीत नाही. उलट मागच्या वर्षीपेक्षा पातळी वर आहे."

मी तिथेच थांबलो. तेल घातलेलं नसताना पातळी वर चढली कशी?

या गाडीला गेज नाही. पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसून बघायची सोयच कंपनीने ठेवलेली नाही. इंजिन गरम झालं, गाडी सपाट जागी उभी असली, की डॅशबोर्डवरच्या पडद्यावर पातळी दिसते. पहिल्या सर्व्हिसनंतर ती वरच्या खुणेच्या खाली होती, आता खुणेला टेकली होती. तेल आपोआप वाढत नाही. त्यात दुसरं काहीतरी मिसळतं, आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात ते बहुधा पेट्रोलच असतं. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल दिलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत उतरतं. इंजिन पुरेसं तापलं तर ते उडून जातं. तापलं नाही तर तिथेच राहतं.

मग मी विचारलं, गाडी जाते कुठे? तर गावातल्या गावात छोट्या फेऱ्या, आणि दर रविवारी सकाळी घर ते रंकाळा, तिथे चहा, आणि परत. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. पावसाळ्याचे चार महिने तेवढंही नाही. शेडमध्येच पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं "चालू ठेवायची". कूलंटचा काटा तेवढ्यात वर येतो, त्यामुळे इंजिन तापलं असं वाटतं. तेल मात्र तापायला कूलंटपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. कमी चालवणं म्हणजे गाडी जपणं असं मालक मनापासून समजत होते. गाडीवरच्या प्रेमापोटीच ते करत होते आणि त्यानेच तेल खराब होत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मागच्यासारखाच, अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि फ्लॅटबेड. 72,000 च्या वर गेलाच असता. बाजूने जमेच्या गोष्टी दोन होत्या. गाडीच्या नोंदवहीत शिक्का पडतो, आणि तेल सोडून बाकी गाडीवरही जाणत्या माणसाची नजर फिरते. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही, ते पुढे येईलच.

दुसरा, पुण्यातलं याच गाड्यांचं काम करणारं खाजगी गॅरेज. फोनवर त्यांनी 26,000 सांगितले. कोल्हापूर-पुणे सुमारे 230 किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन काम होण्यासारखं, फक्त गाडी चालवत न्यायची. महामार्गाच्या भीतीने मालकांनी हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला सारला.

तिसरा, शिवाजी उद्यमनगर. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ऑइल इंजिनं बनवणाऱ्या, जगातलं कुठलंही यंत्र उघडून परत बसवणाऱ्या हातांचं ते गाव. फाउंड्रीच्या गाड्या तिथल्याच एका मिस्त्रींकडे जातात. साठी उलटलेला माणूस, मालक त्यांना मामा म्हणतात. सामान आम्ही आणायचं, काम त्यांनी करायचं.

चौथा, आणखी वर्षभर थांबायचं. मालकांचा कल इकडे.

याशिवाय एक सल्ला चहाच्या टेबलावर येतच होता: "आपल्याकडे उष्मा, 20डब्ल्यू-50 घाला, जाड तेल चांगलं." जुन्या ट्रॅक्टरला किंवा जीपला हे चालतं. या इंजिनाला पोर्शेची ए40 ही मान्यता असलेलं तेल लागतं, सहसा 0डब्ल्यू-40. इंजिनातला तेलपंप गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतो आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ तेलाच्या दाबावर बदलते, म्हणजे इथे तेल वंगणापुरतं नाही, ते यंत्राच्या हालचालीचं माध्यमही आहे. सकाळी चालू केल्या क्षणी ते पातळ राहून वरपर्यंत पोचायला हवं आणि तापल्यावर टिकायला हवं. डब्यावर ए40 छापलंय की नाही, एवढं बघणं पुरतं. त्यासाठी ब्रँडची भक्ती लागत नाही.

कुणीतरी बुगाटी व्हेरॉनचंही उदाहरण काढलं. तिच्या ऑइल बदलाला 20,000 डॉलर सांगतात, ड्रेनचे नटच 16 आहेत. त्या गाडीचा आणि या गाडीचा काही संबंध नाही. पण असल्या गोष्टी ऐकून मालकांसारखा हिशोबी माणूससुद्धा "अशा गाड्यांचं असंच असतं" म्हणून बिल न वाचता पैसे देतो, एवढं खरं.

निर्णय

माझं मत तिसऱ्या पर्यायाचं होतं, मालकांचं चौथ्याचं. शेवटी तडजोड अशी ठरली: तेल आता बदलायचं, पण काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. ते चांगलं निघालं तर पुढच्या वेळी दोन वर्षांची मुदत, मी काही बोलणार नाही. खराब निघालं तर रविवारची फेरी बदलायची.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. मिस्त्री कोण, तेल कुठलं, हे नंतरचं. मालकांचा जन्म धातूत गेला आहे. भट्टीतला रस ते नुसता बघून ओतत नाहीत, आधी नमुना घेतात. तेलाच्या बाबतीत मात्र ते अंदाजावर चालले होते. "तुमच्याच शिस्तीने जाऊ" म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं.

प्रत्यक्ष काम

तेल वितरकाकडून पक्क्या बिलावर घेतलं. सील, बॅच क्रमांक आणि सगळ्या डब्यांवरची तारीख एक आहे का, हे तपासलं, कारण नामांकित डब्यात भलतंच तेल भरून विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. फिल्टर, ड्रेन नट आणि ॲल्युमिनियमचं वायसर मुंबईहून मागवलं. वायसर एकच मागवलं. ही चूक.

गाडी इतकी बुटकी की जॅक खाली सरकेना. मालकांनी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून लाकडी उतरंड्या, म्हणजे चाकं वर चढवायचे उतार करून घेतले. साच्याचे नमुने करणारे सुतार, त्यामुळे दोन्हींच्या उंचीत केसाचाही फरक नव्हता. पण केल्या दोनच, पुढच्या चाकांसाठी. त्यामुळे गाडी मागे कलती राहिली. शिवाय ती रात्रभर उभी होती आणि तेल थंड होतं. मिस्त्रींनी नट सोडला, धार सुरू झाली, मध्येच मी स्वच्छ बाटलीत नमुना धरला. तेलाला पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. धार थांबली तशी त्यांनी नट लावून टाकला. किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने 50 न्यूटन मीटर, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

फिल्टरचं काम बघण्यासारखं झालं. या गाडीत फिल्टर म्हणजे प्लास्टिकच्या टोपीखालची कागदाची गुंडाळी. मालकांनी ती हातात घेतली, ब्लेडने कागद कापला आणि घड्या वर्तमानपत्रावर उलगडत गेले. मग खिशातून चुंबक काढलं. वाळूतले लोखंडी कण वेचायला फाउंड्रीत असतं तसलं. एकेका घडीवरून ते सावकाश फिरवलं. चुंबकाच्या कडेला राखाडी, पिठासारखा हलका थर आला, कण एकही नाही. बोटावर घेऊन त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "लोखंडी भागांची झीज नाही."

नवीन तेल भरायचं तोंड मागच्या डिकीत, कूलंटच्या झाकणाशेजारी. मॅन्युअलप्रमाणे फिल्टरसह साडेसात लिटरच्या आसपास बसतं. आम्ही नऊ डबे आणले होते. "थोडं जास्त झालं तर बिघडत न्हाई," असं म्हणत मिस्त्रींनी पावणेनऊ लिटर ओतलं. मी तेव्हा नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावत होतो. लक्ष असतं तर थांबवलं असतं.

इंजिन तापेपर्यंत शेडमध्येच चालू ठेवलं आणि पडद्यावर पातळी बघितली. खुणेच्या वर. आता कारण उलगडलं: थंड तेल, कलती गाडी, म्हणून जुनं तेल पुरतं निघालंच नव्हतं, आणि त्यावर आम्ही मापापेक्षाही जास्त नवीन ओतलं. जास्तीचं तेल या इंजिनाला मानवत नाही. ते घुसळून फेसाळतं, आणि वाफेतून तेल वेगळं करणारा जो भाग असतो त्यातून पुढे खेचलं जाऊन धूर काढतं. तो भाग गेला तर वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातात.

"मालक, गेज नसल्याली गाडी म्हंजे आंधळी कोशिंबीर हाय बघा," मिस्त्री म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मालक म्हणाले, "मामा, डोळ्यावरची पट्टी आपणच बांधली होती. काढू या."

नट परत सोडून मोजपात्रात सव्वा लिटर काढलं. पातळी खुणेच्या किंचित खाली आली. पण दाबून चपटं झालेलं तेच वायसर पुन्हा लागलं, आणि सकाळी खालच्या कागदावर रुपयाएवढा डाग होता. उद्यमनगरात कुठल्याही मापाचं तांब्याचं वायसर मिळतं आणि मिस्त्रींनी तेच सुचवलं. मालकांनी नको म्हटलं. चेंबर हलक्या मिश्रधातूचा आहे, त्याच्या आट्यांवर प्रयोग नको. नवीन वायसर कुरिअरने यायला दोन दिवस लागले. तोवर गाडी उतरंड्यांवरच. तांबं तापवून मऊ करून लावलं असतं तर बहुधा चाललंही असतं, पण थांबले ते योग्य केलं असं मी आजही म्हणेन. घाई करण्यासारखं काही नव्हतं.

काढलेलं काळं तेल मिस्त्री एरवी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावणाऱ्यांना देतात. ते नियमाप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. फाउंड्रीचं हायड्रॉलिक तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे जातं, त्याच पिंपात हे टाकलं.

परिणाम

दहा दिवसांनी अहवाल आला. लोखंड 14 पीपीएम (दहा लाख भागांत 14), तांबं नगण्य, म्हणजे झीज जवळपास नाही. चुंबकाने सांगितलं तेच. पण 100 अंशाला तेलाचा दाटपणा, आम्ही त्याला व्हिस्कॉसिटी म्हणतो, 10.9 वर आला होता. 40 ग्रेडच्या तेलाची (0डब्ल्यू-40 मधला 40, म्हणजे तापल्यावरचा दाटपणा) खालची मर्यादा 12.5. पेट्रोलचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या पुढे. म्हणजे डब्यावर 40 लिहिलेलं तेल इंजिनात 30 होऊन बसलं होतं, तेही 2,400 किलोमीटरमध्ये. मालकांनी अहवाल दोनदा वाचला आणि दोन वर्षांचा विषय परत काढला नाही.

त्या वर्षीचा खर्च: तेल 13,050, फिल्टर 3,400, नट-वायसर 700, फिल्टरच्या टोपीचा पाना 1,200, प्रयोगशाळा 3,200, मिस्त्रींची मजुरी 2,500 आणि वायसरचं कुरिअर 180. एकूण 24,230.

रविवारची फेरी रंकाळ्याऐवजी गगनबावड्याची झाली, जाऊन-येऊन शंभराच्या वर. शेडमध्ये उगाच चालू ठेवणं पूर्ण बंद. पावसाळ्यात उघडीप मिळाली तर पन्हाळ्याच्या पुढे एक लांब चक्कर, नाहीतर गाडी बॅटरी चार्जर लावून शांत उभी. 2024 च्या जानेवारीत परत तेल बदललं. या वेळी उतरंड्या चार, इंजिन गरम, नट सोडल्यावर अर्धा तास थांबलो, वायसर तीन आणून ठेवलेली, आणि सात लिटर ओतून मग पडदा बघत बघत थोडं थोडं. तपासणीसकट 22,500 रुपये लागले. वर्षात गाडी 4,100 किलोमीटर चालली होती, म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये. अहवालात व्हिस्कॉसिटी 12.7, पेट्रोल दीड टक्क्याच्या आत.

तीस रुपयांचे साडेपाच झाले, त्यातला मोठा वाटा ट्रक वाचल्याचा. पण पेट्रोल उडून जाऊन तेल टिकलं, ते गाडी चालवल्यामुळे. मिस्त्री बदलून ते झालं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

पुण्याचा पर्याय इतक्या झटकन सोडायला नको होता. 230 किलोमीटरचा तो रस्ता म्हणजे तेलातलं पेट्रोल उडवायला हवी होती तशीच लांब फेरी. दिवसाउजेडी, वळणरस्त्यांवर सावकाश गेलं असतं तर गाडी सहज पोचली असती, आणि पावणेनऊ लिटरचा घोळही झाला नसता. पहिल्या वर्षी तरी ज्याने असली शंभर इंजिनं हाताळली आहेत त्याच्याकडे काम बघून घ्यायचं आणि दुसऱ्या वर्षी उद्यमनगरात करायचं, हा क्रम जास्त शहाणपणाचा.

मिस्त्रींना दोष देणं चुकीचं. त्यांना गेज नसलेली गाडी पहिल्यांदाच दिसत होती आणि मॅन्युअल इंग्रजीत होतं. माप, तापमान, गाडी सपाट ठेवणं, हे मराठीत एका कागदावर लिहून त्यांच्या हातात देणं माझं काम होतं. दुसऱ्या वर्षी दिलं. तो कागद त्यांनी शेडच्या भिंतीला चिकटवून ठेवला आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र तेलाची नव्हतीच. 2024 च्या कामानंतर मालकांनी गाडी अलाइनमेंटला नेली. तिथल्या पोराने टायरच्या भिंतीवरचे चार आकडे बोटाने दाखवले: 1814. म्हणजे 2014 च्या अठराव्या आठवड्यातला टायर. चारही तसेच. खाच भरपूर शिल्लक, पण रबर दहा वर्षांचं, कडेला बारीक चिरा. याच टायरांवर वर्षभर आम्ही गगनबावड्याच्या वळणांवर गेलो होतो. कधी मालक चालवत, कधी मी शेजारी.

चारही टायर त्याच आठवड्यात बदलले. घरी येऊन मालकांनी 2021 चं ते बिल परत काढलं. पहिल्या पानावर रकमा होत्या, त्या आम्ही दोघांनी मिळून दहा वेळा तपासल्या होत्या. दुसऱ्या पानावर तपासणीचे शेरे होते. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: टायर जुने, बदलण्याची शिफारस.